बेडिंग बदललं तरी तिसऱ्या दिवशी वास येतोच: गिनी पिगच्या पिंजऱ्यातली ओल कशी शोधायची

समस्या अशी आहे. पिंजरा पूर्ण रिकामा केला, धुतला, पुसला, नवंकोरं बेडिंग, म्हणजे तळाशी अंथरायचा थर, भरलं. पहिला दिवस छान गेला. दुसराही बरा गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी खोलीचं दार उघडलं की नाकात झोंबणारा तोच वास. मग आपण बेडिंगला नावं ठेवतो, दुसऱ्या प्रकारचं आणतो, आणि पुन्हा तिसरा दिवस उजाडतो.

माझ्याकडे दोन माद्या आहेत, चिंगी आणि ढमी. पहिल्या सात-आठ महिन्यांत मी लाकडाच्या सालपट्या, वर्तमानपत्राच्या पट्ट्या, कागदी लगद्याचं बेडिंग आणि फ्लीस, म्हणजे लोकरीसारखं मऊ कापड, असं सगळं करून पाहिलं. प्रत्येक वेळी वाटायचं, आता सापडलं. फरक पडायचा तो एवढाच, की वास तिसऱ्याऐवजी चौथ्या दिवशी यायचा. पिंजऱ्यात ओल सगळीकडे सारखी पडत नाही आणि मी मात्र सगळीकडे सारखंच बेडिंग घालत होते. खरी गोम तिथे होती, पण ती कळायला फार वेळ लागला.

तिसराच दिवस का, हे आधी समजून घेऊ. ताज्या लघवीला फारसा वास नसतो. तिच्यात युरिया असतो, आणि बेडिंगमधले जीवाणू त्याचा अमोनिया करतात. या कामाला वेळ लागतो, ओल लागते आणि ऊब मिळाली तर ते लवकर होतं. म्हणजे लघवी एकाच जागी दोन-तीन दिवस साचून राहिली, तर जगातलं कुठलंही बेडिंग वास मारणारच. महागडं असेल तर थोडं उशिरा मारेल. खोली बंद असेल, हवा दमट असेल, किंवा पिंजरा म्हणजे चारी बाजूंनी काचेची पेटी असेल, तर आणखी लवकर. काचेच्या पेटीत मी त्यांना ठेवणारच नाही, कारण तळाशी साचलेली हवा तिच्यातून हलतच नाही.

आणखी एक. आपलं नाक जमिनीपासून चार-पाच फूट वर असतं, त्यांचं दोन-तीन इंचांवर. आपल्याला वास आला तेव्हा ते बऱ्याच तासांपासून त्यातच श्वास घेत असतात. शिवाय रोजच्या वासाला आपलं नाक सरावतं. म्हणून तपासायचं असेल तेव्हा पंधरा-वीस मिनिटं बाहेर जाऊन या आणि मग थेट पिंजऱ्याच्या तळाशी नाक नेऊन हुंगा. पाहुण्याला विचारलं तरी चालेल, फक्त पाहुणा स्पष्टवक्ता हवा.

आधी ओलीचा नकाशा काढा

बेडिंग विकत आणण्याआधी एक रात्र खर्च करा. सगळं बेडिंग काढा, तळावर जाड टॉवेल अंथरा आणि त्यावर जुनी पांढरी सुती चादर. घरटं, खायचं गवत ठेवायची जाळी, पाण्याची बाटली, सगळं नेहमीच्या जागी ठेवा. सकाळी चादर उचलायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा.

मला वाटलं होतं चादर सगळीकडे डागाळलेली दिसेल. तसं झालं नाही. तीन मोठे डाग होते, बाकी जागेवर नुसत्या लेंड्या आणि तुरळक ठिपके. पहिला डाग गवताच्या जाळीखाली, कारण गिनी पिग खाता खाता तिथेच मुततात. दुसरा लपायच्या घरट्यात, मागच्या कोपऱ्यात. तिसरा पाण्याच्या बाटलीखाली.

हा तिसरा डाग पिवळा नव्हताच. ते पाणी होतं. बाटलीची नळी रात्रभर थेंब थेंब गळत होती आणि मी कित्येक आठवडे ‘यांची लघवी किती!’ म्हणत बेडिंगला शिव्या देत होते. बाटली तपासायची सोपी पद्धत: नळीखाली रिकामी वाटी ठेवा आणि काही तास त्यांना तिथून दूर ठेवा. वाटीत पाणी जमलं तर बाटली गळते आहे. कधी वॉशर झिजलेला असतो, कधी बाटली अर्धवट भरल्यामुळे आत हवा जास्त राहते आणि गळती वाढते. गळती थांबेपर्यंत खाली छोटी ताटली ठेवा. भाज्या धुऊन तशाच ओल्या टाकत असाल, तर त्यांचंही पाणी बेडिंगमध्येच जातं. त्या निथळून द्या.

तुमचा नकाशा माझ्यासारखाच असेल असं नाही. पण बहुतेक घरांत ओल दोन-तीन जागीच एकवटलेली दिसेल, आणि त्या जागा खाण्याच्या, लपण्याच्या किंवा अंधाऱ्या कोपऱ्याच्या असतील.

ट्रेवरचा पांढरा थर

बेडिंग नवं, बाटली ठीक, कोपरे रोज साफ, तरी वास येतो? मग रिकामा ट्रे उजेडात तिरका धरा आणि कोपऱ्यांवरून नख फिरवा. खरखरीत पांढरट-पिवळट थर लागला, तर चोर सापडला.

गिनी पिगची लघवी अल्कधर्मी असते आणि शरीराला नको असलेलं बरंचसं कॅल्शियम तिच्यातून बाहेर पडतं. त्यामुळे ती वाळली की चुनखडीसारखं पुट उरतं. साबणाने ते जात नाही. वरवर ट्रे स्वच्छ दिसतो, पण त्या खडबडीत थरात लघवी मुरत राहते आणि नवं बेडिंग घालताच वासाची सुरुवात शून्यापासून न होता मधूनच होते. माझ्याकडे असंच झालं होतं. पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान घेऊन ओतलं, वीस मिनिटं राहू दिलं, ब्रशने घासलं, साध्या पाण्याने धुतलं आणि पूर्ण वाळवलं. थर जाड होता म्हणून हेच दोनदा करावं लागलं. व्हिनेगर कधीही ब्लीचमध्ये मिसळू नका, त्यातून विषारी वायू निघतो. आणि ट्रे ओला असतानाच त्यात बेडिंग भरू नका. ही चूक मी घाईत अनेकदा केली आहे.

घरटं किंवा जिना लाकडाचा असेल तर तोही हुंगून पाहा. कच्च्या लाकडात लघवी मुरली की ती निघणं कठीण. मी शेवटी लाकडी घरट्याचा तळ काढून टाकला, नुसतं छप्पर आणि भिंती ठेवल्या. खालचं बेडिंग बदलता येतं, तळ बदलता येत नव्हता.

पिंजऱ्याचे दोन भाग करा

आता बेडिंगकडे वळू. नकाशातल्या ओल्या जागांना शोषून घेणारं आणि रोज उचलून फेकता येणारं काहीतरी हवं. उरलेल्या कोरड्या जागेला पायांना मऊ आणि धूळ न उडणारं काहीतरी हवं. ही दोन वेगळी कामं आहेत आणि एकाच वस्तूकडून दोन्ही करून घेण्याचा हट्ट सोडला की निम्मी डोकेदुखी संपते.

माझी मांडणी सांगते. गवताच्या जाळीखाली उथळ ट्रे, तोही असा की दोघी एका वेळी आत बसू शकतील. ट्रेमध्ये तळाला लाकडी पेलेट्स, म्हणजे भुसा दाबून केलेल्या छोट्या कांड्या, वर दोन-तीन बोटं कागदी बेडिंग. पेलेट्स भरपूर ओल पितात आणि फुगून त्यांचा भुसा होतो, पण उघड्यावर त्या पायांना टोचतात, म्हणून वरचा थर हवाच. हा ट्रे मी रोज सकाळी रिकामा करते. घरट्याच्या मागच्या कोपऱ्यातही कागदी बेडिंगचा ढीग, तोही रोज बदलायचा. बाकी सगळीकडे फ्लीस. ट्रेची सवय लावावी लागली नाही. जिथे त्या आधीच मुतत होत्या तिथेच ट्रे गेला, एवढंच. माणसं उलटं करतात, आपल्याला सोयीच्या कोपऱ्यात ट्रे ठेवतात आणि मग म्हणतात, आमचे गिनी पिग शिकत नाहीत. मांजरासारखी पक्की शिस्त त्यांच्याकडून मिळणार नाही. लेंड्या तर त्या चालता चालता कुठेही टाकणारच, पण त्या कोरड्या असतात, वास मारत नाहीत, आणि छोट्या झाडूने दोन मिनिटांत गोळा होतात.

काय घालावं, काय टाळावं

कागदी लगद्याचं बेडिंग ओल चांगली पितं, मऊ असतं आणि थोडं चघळलं तरी सहसा त्रास होत नाही. पॅकेटच्या तळाशी धूळ साचलेली असते, तो भाग शेवटी चाळून वापरा. वर्तमानपत्राच्या पट्ट्या एकट्याने चालत नाहीत. त्यांचा लगेच चिखल होतो आणि वरचा भाग ओलाच राहतो. खालचा थर म्हणून मात्र उपयोगी. चकचकीत मासिकांचा कागद नको, तो शोषतच नाही.

लाकडात फरक करायला शिका. अस्पेनसारख्या लाकडाच्या सालपट्या चालतात. सीडर हे सुवासिक लाकूड नकोच. त्याचा जो सुगंध आपल्याला आवडतो तो तेलकट, बाष्पशील रसायनांचा असतो. ती श्वसनमार्गाला त्रास देतात आणि उंदीरवर्गी प्राण्यांच्या यकृतातल्या एन्झाइमांवर परिणाम करतात. पाइन वापरायचंच असेल तर भट्टीत वाळवलेलं घ्या, कारण त्या उष्णतेत बरीचशी रसायनं उडून जातात. पॅकेट उघडल्यावर जंगलात गेल्यासारखा घमघमाट आला, तर ते परत बांधून ठेवा. सालपट्या वेगळ्या आणि करवतीचा बारीक भुसा वेगळा. भुसा नाकाडोळ्यांत जातो, आणि नरांच्या लघवीच्या जागी चिकटून बसतो. नर पाळत असाल तर ती जागा अधूनमधून तपासत जा, सालपट्या आणि गवताचे तुकडेही तिथे अडकतात.

मांजरासाठीची, ओली झाली की गोळे धरणारी माती वर्ज्य. पोटात गेली तर आतडं बंद होऊ शकतं. मक्याच्या कणसाचं दाणेदार बेडिंगही मी घेणार नाही. ओल लागली की त्याला बुरशी येते, आणि गिनी पिग ते खातातच. सुगंधी बेडिंग, सुगंधी फवारे, वासनाशक पावडरी यांनी अमोनिया कमी होत नाही, फक्त आपल्याला तो कळेनासा होतो. त्यांच्या नाकाला मात्र दोन्हींचा मारा.

गवत हे अन्न आहे. ते कोपऱ्यात पसरून ठेवा, त्यात त्या लोळतात, खातात, मजा करतात. पण सबंध पिंजऱ्यात बेडिंग म्हणून पसरलं तर ते ओल शोषत नाही, खालून कुजतं आणि बुरशी येते. भाताचा किंवा गव्हाचा पेंढा त्याहून वाईट, काड्या कडक असतात आणि डोळ्याला इजा होते.

फ्लीस वापरूनही ओलं राहतंय?

सगळ्यात जास्त वैताग फ्लीसवाल्यांचा असतो आणि त्यात मीही होते. ‘फ्लीस शोषून घेतं’ हा समज चुकीचा आहे. फ्लीस पॉलिस्टरचं असतं, त्याचे धागे पाणी पीत नाहीत. लघवी त्यातून खाली झिरपते आणि खालचा थर ती पितो, म्हणून वरचा पृष्ठभाग कोरडा राहतो. खाली थर नसेल, तर लघवी थेट प्लास्टिकवर जाऊन तळं होतं आणि मग वर परत येते.

नवीन फ्लीसवर पाणी न चिकटण्याचा लेप असतो. तो जाईपर्यंत थेंब वरच मण्यासारखे घरंगळतात. वापरायच्या आधी दोन-चार वेळा धुवा. चमचाभर पाणी टाकून पाहा. पटकन खाली गेलं तर तयार, मणी होऊन थांबलं तर पुन्हा धुवा. कपडे मऊ करणारं कंडिशनर कधीही वापरू नका. तो धाग्यांवर थर चढवतो आणि झिरपणं बंद पडतं. माझं जुनं, छान चाललेलं फ्लीस एक दिवस अचानक ओलं राहायला लागलं, तेव्हा कारण हेच निघालं. घरातल्या कुणीतरी चांगल्या हेतूने मशीनमध्ये कंडिशनर ओतला होता. गरम पाण्यात, साध्या बिनवासाच्या पावडरीने दोनदा धुऊन आणि शेवटच्या पाण्यात थोडं व्हिनेगर घालून ते परत रुळावर आलं.

खालच्या थराला जाड टॉवेल, गाद्यांवर घालायचे धुण्याजोगे पॅड, असं काहीही चालतं. वर सुती चादर मात्र नको. सुती कापड ओल धरून ठेवतं आणि त्यावर बसलेल्या प्राण्याचं पोट व तळपाय सतत ओले राहतात. म्हणूनच नकाशाची ती चादर एका रात्रीपुरतीच.

धुण्याआधी फ्लीस झटकणं हेच खरं काम. केस आणि गवताच्या काड्या रबरी ब्रशने आधी काढा, नाहीतर मशीनचा फिल्टर तुंबतो. मग कपडे धुण्याच्या जाळीच्या पिशवीत घालून धुवा. दमट हवेत फ्लीस लवकर वाळतं पण खालचे पॅड वाळत नाहीत, आणि अर्धवट ओला पॅड अंथरला की कुबट वास पहिल्याच दिवशी. त्यामुळे पॅडचे तीन संच ठेवा. एक पिंजऱ्यात, एक दोरीवर, एक कपाटात. फ्लीसच्या कडा कुरतडून कुणी धागे गिळत असेल तर मात्र फ्लीस बंद करा.

कोरडं आहे की नाही, हे कसं ठरवायचं

तळहाताची मागची बाजू बेडिंगवर दाबून दहापर्यंत मोजा. त्वचा ओलसर लागली तर त्यांच्या पायांनाही तेच लागतंय. तळपायांवर केस नसतात, त्यामुळे ओल आणि खरखर दोन्ही थेट भिडतात. तळपाय लाल होणं, मग जाड कडक होणं, सुजणं, जखम होणं, असा तो आजार वाढत जातो आणि एकदा हाडापर्यंत गेला की बरा होणं अवघड. ओलं बेडिंग आणि पिंजऱ्याचा तारेच्या जाळीचा तळ ही दोन कारणं, शिवाय जास्त वजन, वाढलेली नखं आणि क जीवनसत्त्वाची कमतरता. माणसासारखंच गिनी पिगचं शरीर क जीवनसत्त्व तयार करू शकत नाही, ते रोज आहारातूनच मिळावं लागतं. आठवड्यातून एकदा उचलून पाय उलटे करून पाहा. लालसर दिसले तर त्या दिवशीच मऊ, कोरडं बेडिंग घाला. सूज किंवा जखम दिसली तर डॉक्टर.

शिंका आल्या की लोक लगेच बेडिंग बदलतात. गवतात डोकं खुपसून एखादी शिंक आली तर काळजी नको. बेडिंग उपसल्यावरच शिंका येत असतील तर धूळ, तेव्हा पॅकेट बाहेर झटकून आणा. पण नाकाडोळ्यांतून पाणी, डोळ्यांवर पापुद्रा, श्वासात टकटक आवाज, खाणं कमी होणं, यातलं काहीही असेल तर तो बेडिंगचा प्रश्न उरलेला नाही. गिनी पिगने अर्धा दिवस काही खाल्लं नाही तर वाट पाहू नका. आणि घरातलं माणसांचं अँटिबायोटिक चुकूनही देऊ नका. पेनिसिलिन गटातली तोंडाने दिलेली औषधं त्यांच्या आतड्यातले उपयोगी जीवाणू मारतात आणि जिवावर बेततं. तसंच खाज सुटून केस गळत असतील तर बहुतेकदा कारण त्वचेतले माइट्स, म्हणजे डोळ्याला न दिसणारे बारीक किडे, असतात. बेडिंग बदलत बसलात तर तेवढे दिवस वाया जातात.

साफसफाई किती?

ओले कोपरे रोज, संपूर्ण बेडिंग साधारण आठवड्यातून एकदा. सालपट्या किंवा कागदाचा थर दोन-तीन इंच ठेवला तरच तो ओल खाली नेतो, पातळ थर काटकसर वाटते पण दुप्पट वेळा बदलावा लागतो. रोज सगळा पिंजरा धुतलात तर उलटंच होतं. त्यांना स्वतःचा वास हवा असतो. सगळं पुसलं गेलं की त्या, आणि नर तर जास्तच, मागचा भाग घासत नव्याने खुणा करत फिरतात. मी पूर्ण बदल करताना जुन्या कोरड्या बेडिंगची एक मूठ नव्यात मिसळते.

हे सगळं करूनही जमत नसेल तर पिंजऱ्याचा आकार मोजा. दोघांसाठी निदान साडेसात चौरस फूट जागा लागते, दहाच्या पुढे असेल तर उत्तम. जागा लहान असली की तेवढीच लघवी कमी बेडिंगवर पडते, मग ते कितीही भारी असो. आणि एका वेळी एकच बदल करा, निदान आठवडाभर थांबा. मी एकदा बाटली, बेडिंग आणि घरटं एकदम बदललं. वास गेला, पण कशामुळे ते कळलंच नाही, आणि महिन्याभराने परत आल्यावर पुन्हा पहिल्यापासून शोधावं लागलं.

पांढऱ्या कागदी बेडिंगचा एक फायदा मला उशिरा कळला. त्यावर लघवीचा रंग दिसतो. वाळल्यावर थोडी पांढरी पूड उरणं नेहमीचं. नारिंगी-तपकिरी छटाही काही वेळा हवेशी संपर्क आल्याने किंवा भाज्यांमुळे येते. पण वाळूसारखी रवाळ पूड, रक्ताचा लाल ठिपका किंवा मुतताना किंचाळणं म्हणजे मूतखड्याची शंका. तेव्हा ते बेडिंग फेकू नका, पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या.

ढमी अजूनही दोन-तीन महिन्यांतून एकदा मनाला येईल तो नवा कोपरा धरते. मग एक रात्र टॉवेल आणि पांढरी चादर, सकाळी फोटो, आणि ट्रे तिकडे सरकवायचा.